बेळगावात नवा संसार मांडताना: चार घरांची मिळून काटकसर

नोकरीसाठी, लग्न होऊन किंवा मुलांच्या शिक्षणासाठी बेळगावात दरवर्षी कितीतरी कुटुंबं येतात. कुणी चंदगड-आजऱ्याकडून, कुणी खानापूरच्या जंगलपट्ट्यातून, कुणी निपाणी-चिकोडीहून, तर कुणी पार सोलापूरकडून. पगार बेताचा असतो, भाडं डोक्यावर असतं आणि ओळखीचं कुणी नसतं. अशा घराला ‘जपून खर्च करा’ एवढंच सांगून काही होत नाही. एकटं घर फार तर दूध कमी घेईल, भाजी मोजून आणील आणि थोड्या दिवसांत कंटाळेल. चार-पाच घरं मिळून काटकसर करू लागली की खर्च खरोखर उतरतो, शिवाय अडीनडीला माणूस हाताशी असतं. वडगाव, शहापूर, अनगोळ, खासबाग या भागांतल्या गल्ल्यांत हे पूर्वीपासून चालत आलंय. नव्याने येणाऱ्याने ते कसं जमवावं, ते इथे क्रमाने सांगते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. शेजारपाजारची देवघेव दोन तऱ्हेची असते. एक वहीत लिहायची, दुसरी कधीच लिहायची नाही. तांदूळ, पैसे, सिलिंडर, भिशी हे वहीत. आजारपण, बाळंतपण, मयत, मुलांना सांभाळणं हे वहीबाहेर. या दोन्हींची सरमिसळ झाली की मनं दुखावतात. लिहायचं ते तोंडी ठेवलं तर संशय येतो, आणि जे लिहू नये त्याचा हिशेब मांडला तर माणूस तुटतं.

पहिली पायरी: घर आणि कागद

घर बघताना भाड्याच्या आधी पाण्याची चौकशी करा. शहराला राकसकोप आणि हिडकल या दोन जलाशयांतून पाणी येतं. काही वॉर्डांत ते चोवीस तास असतं, काही ठिकाणी काही दिवसांच्या अंतराने सोडतात. घरमालक सांगेल त्यावर जाऊ नका, शेजारच्या बाईला विचारा: पाणी कितव्या दिवशी येतं, किती वेळ राहतं, एप्रिल-मे महिन्यांत काय करता? आवारात विहीर असेल तर ती मोठी जमेची बाजू समजा. शहापूर-टिळकवाडीकडच्या जुन्या वस्तीत अजून चांगल्या विहिरी आहेत. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर तर आजही काँग्रेस विहीर म्हणूनच ओळखली जाते. विहिरीचं पाणी धुण्याभांड्यांना वापरलं की नळाचं पाणी पिण्या-स्वयंपाकाला पुरतं.

‘लीज’वर घर मिळतंय म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. लीज म्हणजे एकदम मोठी रक्कम मालकाकडे ठेवायची, दरमहा भाडं नाही, आणि सोडताना रक्कम परत. ऐकायला स्वस्त वाटतं, पण आयुष्यभराची पुंजी एकाच माणसाच्या हातात जाते. घरावर बँकेचं कर्ज आहे का, हे बोजा दाखला काढून बघा, करार सब-रजिस्ट्रार कचेरीत नोंदवा. मालक नोंदणीला तयार नसेल तर ते घर सोडून द्या. पहिल्या वर्षी साधं भाड्याचं घरच बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

घर ठरलं की हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, बिलावरचा आरआर नंबर (वीजजोडणीचा नंबर) आणि अकाउंट आयडी लिहून घ्या. कर्नाटकात २०२३ पासून घरगुती वीज मोफत देणारी गृहज्योती योजना आहे आणि ती भाडेकरूंनाही मिळते. सेवासिंधू या सरकारी संकेतस्थळावर आधार आणि अकाउंट आयडी देऊन अर्ज करायचा. मात्र सरसकट २०० युनिट फुकट, अशी समजूत करून घेऊ नका. त्या मीटरच्या पूर्वीच्या सरासरी वापरावरून तुमची मर्यादा ठरते. ती ओलांडली तर वरच्या युनिटांचे पैसे पडतात, आणि २०० च्या पुढे गेलात तर पूर्ण बिल भरावं लागतं. आधीच्या भाडेकरूचं आधार त्या नंबरला जोडलेलं असेल तर ते आधी काढून घ्यायला सांगा.

महाराष्ट्रातलं रेशनकार्ड असेल तर ते पेटीत ठेवून देऊ नका. राष्ट्रीय अन्नसुरक्षा योजनेतल्या कार्डावरचं केंद्राच्या वाट्याचं धान्य देशात कुठल्याही रास्त भाव दुकानात अंगठा देऊन उचलता येतं, फक्त आधार जोडलेलं हवं.

दुसरी पायरी: सोबत जुळवणं

ही पायरी घाईने होत नाही. ‘आपण गट करूया’ असं म्हणत दारोदार गेलात तर लोक बिचकतात. कसल्या कंपनीची बाई आली की काय, असं वाटतं. नळाला पाणी येतं ती वेळ, शाळेचं फाटक, संक्रांतीचं हळदीकुंकू, आषाढातली वडगावची मंगाई देवीची जत्रा, अशा ठिकाणी तोंडओळख होते. सुरुवात अगदी लहान देवघेवीने करा. ‘वहिनी, आज आमच्याकडे विरजण नाही, चमचाभर द्या की’ म्हणून मागायला लाजू नका. मागितल्याने समोरच्यालाही उद्या तुमच्याकडे मागायची वाट मोकळी होते. नुसतं देत राहणाऱ्या घराशी लोक जपून वागतात.

पाच ते सात घरं पुरेत. त्याहून जास्त झाली की वाटणी करता करता दुपार जाते. घरं निवडताना मी चार गोष्टी बघते. एका घरात बाजार जाणणारी वयस्क बाई असावी. एकाकडे दुचाकी असावी. एक घर दिवसा उघडं असावं, म्हणजे कुणाचं पार्सल घ्यायला, किल्ली ठेवायला सोय होते. आणि एकाला कन्नड नीट लिहिता-वाचता यावं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, त्यामुळे कचेरीतले अर्ज, नोटिसा, विजेचं बिल सगळं कन्नडमध्ये असतं. गल्लीत मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी बोलणारी घरं मिसळून असतात, आणि बरीच माणसं दोन-तीन भाषा सहज बोलतात. म्हणून सोबत मराठी घरांपुरतीच ठेवू नका. शेजारच्या कन्नड अक्कांनी एक अर्ज भरून दिला तर तुमची कचेरीची एक खेप वाचते. त्यांच्या मुलीची गणिताची शिकवणी तुम्ही घ्या, त्यांनाही हातभार लागतो.

दरमहा उत्पन्न किती, हे कुणी कुणाला विचारू नये. हे मी नियम म्हणूनच सांगते.

तिसरी पायरी: वही

दोनशे पानी जाड पुठ्ठ्याची वही घ्या, सुटे कागद नकोत. मोबाइलवर हिशेब ठेवायला हरकत नाही, पण वही हवीच, कारण ती सगळ्यांना उघडून बघता येते आणि ज्यांना मोबाइल फारसा जमत नाही त्या मावशींनाही अंगठ्याने रेघ दाखवता येते. प्रत्येक घराला दोन-दोन पानं समोरासमोर: डावीकडे ‘घेतलं’, उजवीकडे ‘दिलं’. तारीख, वस्तू, माप, रक्कम, आणि शेवटी सही. ‘थोडी साखर’ असं लिहू नका, ‘साखर २ वाट्या’ लिहा, आणि वाटी कुठली तेही ठरवून ठेवा. आमच्याकडे त्यासाठी एकच स्टीलची वाटी आहे, तिच्या बुडाला लाल ऑइलपेंटचा ठिपका दिलाय. उसनं देताना ती सपाट भरायची, शीग लावायची नाही, म्हणजे परत करतानाही तेच माप राहतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी बसून उजळणी करायची. जे फिटलं ते रेघ मारून खोडायचं. वही दर तीन महिन्यांनी दुसऱ्या घरी जावी. एकाच घरी वर्षानुवर्षं राहिली की त्या बाईवर ओझं होतं, आणि इतरांना ती जाब विचारणारी वाटू लागते.

बाजाराला जो जातो त्याचं रिक्षाभाडं आणि चहाचे पैसे सामायिक खर्चातून द्या. ही रक्कम लहान असते म्हणून लोक सोडून देतात, आणि मग जाणाराच प्रत्येक वेळी मनातल्या मनात कुढतो.

चौथी पायरी: वर्षाची बेगमी एकत्र

खरी बचत इथे होते, म्हणून हे सविस्तर सांगते.

तांदूळ आधी. भाताची कापणी दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि नवा तांदूळ नोव्हेंबर-डिसेंबरात बाजारात येतो. नवा तांदूळ चिकट होतो, त्यामुळे रोजच्या भाताला लागणारा मागच्या हंगामातला घ्या, आणि पुढच्या वर्षासाठी नव्या हंगामात भरून ठेवा. रविवार पेठेतल्या ठोक दुकानांत २५ किलोचं पोतं किरकोळीपेक्षा स्वस्त पडतं. याहून चांगला मार्ग म्हणजे येळ्ळूर, धामणे, कडोली भागातल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट भात घेणं. त्यात एक हिशेब आधी करा: १०० किलो भात भरडलं की साधारण ६० ते ६५ किलो तांदूळ हाती येतो. गिरणीची मजुरी आणि वाहतूक त्यात धरून किलोमागे काय पडतं ते बघा, मगच सौदा करा. आपल्या भागातला वासाचा बासमती सणासुदीला थोडा घ्यावा, रोजच्याला नको. भाताबरोबर कणी आणि कोंडाही येतो. कणी आंबोळी-इडलीला सगळ्यांनी सारखी वाटून घ्या. कोंडा गल्लीत म्हैस पाळणारं घर असेल त्यांना द्या, तो वहीत लिहू नका.

पोतं वाटायची पद्धत नीट शिकून घ्या. सुतळीचं योग्य टोक धरून ओढलं की सगळी शिवण एका दमात उसवते, चुकीच्या टोकाने ओढलं तर गाठ बसते आणि पोतं फाडावं लागतं. प्रत्येक घराचा रिकामा डबा आधी तोलून त्याचं वजन झाकणावर खडूने लिहायचं. मग एकाचा डबा पूर्ण भरून दुसऱ्याकडे वळायचं नाही. प्रत्येकाला पाच-पाच किलो अशा पाळ्या घ्यायच्या. कारण पोत्याच्या तळाला तुकडा आणि भुसा जास्त साठतो, आणि शेवटी भरणाऱ्यालाच तो सगळा यायला नको. ज्याच्या घरी पोतं उतरवलं त्याने स्वतःचा डबा शेवटी भरावा. तांदूळ दोन दिवस सावलीत पसरून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ओलसर डब्यात भरलेला तांदूळ जुलैत हमखास किडतो.

मिरची आणि मसाल्याचं काम फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या दिवसांत उरकायचं. रंगाला ब्याडगी, तिखटपणाला संकेश्वरी किंवा गुंटूर. ब्याडगी तिखटाला कमी असते, त्यामुळे नुसती ब्याडगी घेतली तर रंग येतो पण जिभेला चव लागत नाही. घरात लहान मुलं असतील तर ब्याडगीचं माप वाढवा. मिरची एकत्र आणावी, पण वाटणी देठ खुडल्यानंतरच करावी, कारण देठाचं वजन बरंच असतं. देठ खुडायला बसताना हाताला खोबरेल तेल लावा आणि ते हात डोळ्यांजवळ नेऊ नका. दोन-तीन दिवस कडक ऊन द्या, पण चैत्र-वैशाखात इथे दुपारी चार वाजता वळीव कधी कोसळेल सांगता येत नाही, म्हणून ऊन द्यायच्या दिवशी कुणीतरी एकाने घरी राहायचं, हे आधी ठरवा. धणे, खोबरं, तीळ, खडा मसाला प्रत्येकीने आपापल्या प्रमाणात भाजून आणावा. डंकावर सगळ्यांचं एकाच दिवशी कुटून घेतलं की रिक्षा एकच लागते. बरणीत भरताना मसाला दाबून भरा आणि मध्ये हिंगाचे खडे ठेवा, वर्षभर टिकतो.

मसूर नवी आली की घ्या. येळ्ळूर-वडगावच्या शिवारातली मसूर दाण्याने बारीक असते पण तिची आमटी दाट आणि चवीची होते, आणि तुरीपेक्षा लवकर शिजत असल्याने गॅसही वाचतो. ऊन देऊन, एरंडेलाचा हात लावून भरावी. रताळी नवरात्राच्या सुमाराला येऊ लागतात. मार्केट यार्डात पोत्याने घेऊन तीन घरांत वाटली तर उपवासाला आणि मुलांच्या संध्याकाळच्या खाण्याला पुरतात. ती फ्रिजमध्ये ठेवू नका, माळ्यावर मोकळी पसरा. गूळ मात्र जास्त घेऊ नका. जूनपासून इथली हवा इतकी दमट असते की ढेपेला पाणी सुटतं.

बेसन, रवा, मैदा पावसाळ्यात एकत्र आणू नका, अळ्या होतात. सुटं तेल नको. चहाची पूड तर मुळीच एकत्र घेऊ नये. प्रत्येक घराची चव वेगळी असते आणि चहावरून जेवढी कुरकुर होते तेवढी तांदळावरून होत नाही.

पापड, सांडगे, शेवया हे मे महिन्यात एकाच्या गच्चीवर सगळ्यांनी मिळून करावं. त्यात पैशाची बचत किती होते हे मी सांगणार नाही. नवी सून किंवा नवी भाडेकरीण त्या दोन दुपारींत जितकी मिसळते तितकी वर्षभरात मिसळत नाही, म्हणून ते करायचं.

पाचवी पायरी: रोजचं स्वयंपाकघर आणि उसनवारी

कडधान्य रात्री भिजवा, कुकरला एका वेळी भात-डाळ-बटाटे एकत्र लावा, आच मंद ठेवा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. गॅसच्या बाबतीत नव्यांना माहीत नसतं ते हे: सिलिंडर उसना द्यायचा-घ्यायचा असेल तर दोघींचं कनेक्शन एकाच कंपनीचं असावं, म्हणजे रिकामा फिरवताना अडत नाही. देताना सील बघा, तारीख वहीत लिहा, आणि जोडताना साबणाचं पाणी लावून गळती तपासा. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायचीच.

शिडी, ड्रिल, मोठं पातेलं, पुरणयंत्र, इस्त्री, शेवयांचा साचा या वस्तू प्रत्येकाने घ्यायची गरज नाही. एकेका घराने एकेक घ्यावी आणि यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहावी. वस्तू बिघडली तर ज्याच्या हातात बिघडली त्याने दुरुस्तीचे निम्मे पैसे द्यावेत, निम्मे मालकाने. झीज सगळ्यांच्या वापराने झालेली असते. मिक्सर मात्र मी कुणाला नेऊ देत नाही, ‘वाटण आमच्याकडे येऊन करा की’ म्हणते. भांड्याचं रबर आणि पाती फार लवकर जातात.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, कपडे वाळत नाहीत. एखाद्या घरात रिकामी खोली किंवा बंद पडवी असेल तर तिथे दोऱ्या बांधून वार ठरवून घ्या.

सहावी पायरी: भिशी

ओळख झाल्यावर सहा महिने जाऊ द्या, मगच भिशी. दहाजणी, दरमहा १,००० रुपये, दहा महिने: दर महिन्याला एकीला १०,००० मिळतात. व्याज नाही, कमिशन नाही. बँकेत ठेवले असते तर थोडं व्याज मिळालं असतं, पण खरं सांगायचं तर तेवढे पैसे बाजूला पडलेच नसते. या रकमेतून फ्रिज येतो, शाळेची फी जाते, सोन्याचा एखादा मणी होतो.

पहिल्या बैठकीत पाच गोष्टी लिहून सह्या घ्या: रक्कम, तारीख, पाळीचा क्रम, एखादीला जमलं नाही तर काय, आणि मध्येच कुणी गाव सोडलं तर काय. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. कुणाची खरी नड असेल तर सगळ्यांच्या संमतीने तिला पहिली पाळी द्या. जिच्याकडे पैसे जमा होतात तिची पाळी शेवटची. नव्याने आलेल्या घराची पाळी पहिल्या वर्षी शेवटच्या पाचांत ठेवावी. नव्या बाईने याचं वाईट वाटून घेऊ नये, उलट स्वतःहून तसं सुचवावं. तेवढ्याने तिच्याबद्दलचा विश्वास पक्का होतो.

एखाद्या महिन्यात हप्ता जमणार नसेल तर तीन दिवस आधी सांगायचं. दुसरी कुणीतरी तो भरते, पुढच्या महिन्यात जिचा चुकला ती दोन हप्ते देते, दोन्ही नोंदी वहीत. गाव सोडताना पाळी घेऊन झाली असेल तर उरलेले सगळे हप्ते जाण्याआधी द्यायचे. पाळी घेतली नसेल तर भरलेले पैसे तिच्या पाळीच्या महिन्यात तिला पाठवायचे. रक्कम अशी ठेवा की पगार उशिरा झालेल्या महिन्यातही देता येईल. एकीने ‘दोन हजारांची करूया’ म्हटलं आणि दुसरी गप्प बसली, तर त्या गप्प बसण्याचा अर्थ समजून घ्या.

लिलावाची भिशी नको. चिट फंड हा वेगळा धंदा आहे, त्याला १९८२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते आणि चालवणाऱ्याला ७ टक्क्यांपर्यंत कमिशन घेता येतं. त्यात पैसे घालायचे असतील तर नोंदणी बघून घाला, मैत्रीखातर नको. तसंच आठवड्याच्या हप्त्याचं गटकर्ज. अशा गटात एकीने हप्ता चुकवला की बाकीच्यांना भरावा लागतो, आणि मैत्रिणीच एकमेकींच्या दारात वसुलीला उभ्या राहतात. आमच्या ओळखीतल्या एका घराने अशा कर्जापायी गल्ली सोडली. जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध २०२५ मध्ये कर्नाटकात कायदा झाला, तो गरजेचाच होता. पण कायदा येऊन सोडवील या भरवशावर कर्ज काढू नये. गरज असेल तर आधी भिशीतली पाळी मागा, मग पतसंस्था किंवा बँक.

भिशीखेरीज एक लहान पेटी ठेवा. दरमहा प्रत्येकीने ५० रुपये. ही फक्त आजारपण आणि मयतीसाठी. यातून नेलेल्या पैशांची रक्कम लिहावी, नाव लिहू नये. पेटी सांभाळणारीला ठाऊक असतं, तेवढं पुरे. ज्याने नेले तो जमेल तसे आणून टाकतो.

सातवी पायरी: वहीबाहेरचं

घरात कुणी आजारी पडलं की डब्यांची पाळी लावा. सोमवार अमुक, मंगळवार तमुक, असा कागद तयार करून आजारी घराच्या फ्रिजवर लावायचा. सगळ्यांनी एकाच दिवशी डबे आणून दुसऱ्या दिवशी कुणीच आणू नये, असं होता कामा नये. आपल्याकडे शेजारच्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. आजारपणात ती रीत बाजूला ठेवायची, आणि तसं तोंडाने सांगायचं: ‘अक्का, डबा रिकामाच द्या, घासायचंही नाही.’ सांगितलं नाही तर आजारी बाई उठून वाटीभर काहीतरी करायला लागते.

दवाखान्यात रात्री थांबायची पाळी पुरुषांनीही घ्यावी. मुलं कुणाच्या घरी जेवतील आणि कुणाच्या घरी झोपतील, हे वेगवेगळं ठरवा, एका घरावर सगळा भार नको. रुग्णवाहिकेसाठी १०८. आयुष्मान कार्ड आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स प्रत्येक घराने एका पाकिटात घालून शेजारच्या एका घरी ठेवाव्यात. ऐन वेळी कपाटाच्या किल्ल्या सापडत नाहीत. रोजच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घ्या, फरक मोठा पडतो.

बाळंतपणात तेल-पाणी करणारी बाई, पहिल्या बारा दिवसांचं धुणं, मोठ्या मुलाला शाळेत सोडणं, हे सगळं वाटून घ्यावं. आणि याची परतफेड झाली का, हे कुणी कुणाला कधीही बोलून दाखवू नये. जिला तुम्ही डबा दिलात तीच तुम्हाला देईल असं नाही, तिसरीच कुणीतरी देते.

आठवी पायरी: प्रवास आणि शाळा

कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना ११ जून २०२३ पासून राज्याच्या साध्या बसमधून राज्याच्या हद्दीत मोफत प्रवास आहे. ओळखपत्र दाखवून शून्य रकमेचं तिकीट मात्र घ्यायचं. महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे, तेही त्या राज्याच्या हद्दीपुरतं. खेड्याकडे जाताना वडाप, म्हणजे माणसं भरून जाणारी खासगी गाडी, असतंच.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी शाळेचं वेळापत्रक लक्षात घ्यावं. इथल्या शाळा मेअखेर-जूनच्या सुरुवातीला उघडतात आणि मधली मोठी सुट्टी दसऱ्याला असते. राज्य अभ्यासक्रमाच्या मराठी माध्यमाची पुस्तकं कर्नाटकाची असतात, त्यामुळे गावाकडून बालभारतीची आणून उपयोग नाही. गणवेश, दप्तरं, पुस्तकं यांची अदलाबदल एप्रिलमध्येच करा. गणवेश देणाऱ्या घराने बटणं लावून, धुऊन द्यावा. कन्नड हा विषय नव्या मुलांना जड जातो, तिथे शेजारचा मोठा मुलगा किंवा मुलगी रोज अर्धा तास बसली तरी वर्ष निघून जातं. वाचायला गणपत गल्लीतलं सार्वजनिक वाचनालय आहे, १८४८ पासूनचं. मुलांना तिथे न्या.

बिनसलं तर, आणि घर सोडताना

कुरबुरी होणारच. पैशाची कुरबुर असेल तर सगळ्यांसमोर वही उघडा, तिथल्या तिथे मिटवा. माणसाची कुरबुर असेल तर सगळ्यांसमोर काहीही बोलू नका. वयस्क मावशी किंवा काकूंनी दोघींना वेगवेगळं भेटावं. तिसरीकडे निरोप पाठवू नका, आणि मोबाइलच्या ग्रुपवर तर अजिबात लिहू नका. एखादं घर बाहेर पडलं तर त्याचा तांदूळ, पैसे, भांडी त्याच आठवड्यात पोचती करा. हळदीकुंकवाचं बोलावणं मात्र थांबवू नका.

घर सोडायची वेळ आली तर महिनाभर आधी सोबतच्या घरांना सांगा, मालकाला करारात असेल त्या मुदतीने लेखी द्या. वहीतली तुमची दोन्ही पानं बेरीज करून मिटवा आणि खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. उसनी भांडी, शिडी, साचे पोचवा. वर्षाचा तांदूळ-मसाला उरला असेल तर ओझं वाहून नेण्यापेक्षा खरेदीच्याच भावाने गटातल्या घरांना द्या. निघण्याच्या दिवशी मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून मालकाला पाठवा, शेवटचं बिल भरा, पाण्याच्या बिलाची पावती घ्या, अनामत रक्कम हातात आल्यावरच किल्ली द्या. आणि गृहज्योतीच्या त्या नंबरवरून आपलं आधार काढून टाका. ते राहिलं तर नव्या घरी तुमचा अर्ज अडतो, आणि जुन्या घरात येणाऱ्या भाडेकरूचाही.